बुऱ्हाणपूर : दर वेळी गाडीतून सुटून गेलेलं गाव (फोटो आणि थोडं मनातलं)

गिरणाकाठ | ९ जानेवारी

नमस्कार मंडळी,

कामानिमित्त नाशिक-भोपाळ असा प्रवास मी गेली अठरा वर्षं करतोय. भुसावळ सुटलं की सावदा, निंभोरा, रावेर, दोन्हीकडे केळीच्या बागा, मग हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर, गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, कुणी चढतं, कुणी उतरतं आणि आपण परत मोबाईलमध्ये. अठरा वर्षांत एकदाही उतरलो नव्हतो. डिसेंबरात भोपाळचं काम एक दिवस आधी संपलं आणि येताना उतरलोच. एक रात्र राहिलो. आल्यापासून ते गाव डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

फोटो १ : शनवारा दरवाजा, सकाळी साडेसात. गावाभोवतीचा कोट निजामुल्मुल्काने १७३१ साली बांधवला. आत शनवारा, इतवारा, बुधवारा अशा वस्त्या, पुण्याच्या पेठांची आठवण आली. दरवाज्याखालून दूधवाले, शाळेच्या रिक्षा, सगळी वर्दळ चालू.

फोटो २ : जामा मशीद. फारुकी सुलतान राजा अली खानाने बांधलेली, अकबराने खानदेश घेतला त्याच्या दहा-बारा वर्षं आधी. आत अरबी शिलालेख आहे आणि शेजारी चक्क संस्कृत शिलालेख, नागरी अक्षरात. मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो.

फोटो ३ : कुंडी भंडारा, गावाची जमिनीखालची जुनी पाणीयोजना. लिफ्टने ऐंशीएक फूट खाली गेल्यावर भुयार लागतं, पायाखाली वाहतं पाणी आणि वरच्या कुंडीतून पडलेला उजेड.

फोटो ४ : शाही किल्ल्यातल्या हमामखान्याचं, म्हणजे स्नानगृहाचं छत.

फोटो ५ : तापीपलीकडचा आहुखाना, म्हणजे जुनी हरणांची बाग, संध्याकाळी.

फोटो ६ : यंत्रमागाच्या गल्लीत दारात बसलेले एक आजोबा. विचारून काढलाय.

आता प्रश्न. हे गाव खानदेशची राजधानी होतं. खानदेश म्हणजे आपलाच ना? मग जळगाव-धुळ्याची माणसं, नाशिक-पुण्याची माणसं मांडूला जातात, महेश्वरला जातात, आणि वाटेतलं हे गाव सोडून देतात, असं का? जे गेलेत त्यांनी लिहा. आणि पुढच्या वेळी किती दिवस ठेवू आणि काय बघू, तेही सांगा.

मीनाक्षी_ठाणे | ९ जानेवारी

मला पहिले दोनच फोटो दिसतायत, बाकी चौकोन. इतर कुणाला दिसतायत का?

गिरणाकाठ | ९ जानेवारी

परत चढवलेत ताई, आता बघा.

मीनाक्षी_ठाणे | ९ जानेवारी

दिसले! तिसरा फोटो काय सुंदर आलाय. ती भिंतीवरची पांढरी पुटं कसली?

गिरणाकाठ | ९ जानेवारी

पाण्यातला चुना साचून साचून झालीत. हात लावला तर खरखरीत दगडच.

केळीबाग_रावेर | १० जानेवारी

दादा, तुमच्या प्रश्नातलं "आपण जात नाही" हे नाशिक-पुण्याचं झालं. आम्ही रावेरचे, आमच्यासाठी बुऱ्हाणपूर म्हणजे बाजार. आमच्या घरी तीन पिढ्या लग्नाचा बस्ता तिथेच बांधला, डॉक्टर तिथलाच, चष्मा तिथलाच. मधे राज्याची हद्द आहे हे फक्त एसटी बदलताना आणि पेट्रोलचा भाव बघताना आठवतं. दुकानात मराठी सर्रास चालते. पण एक कबूल करतो, तीस वर्षं जातोय आणि कुंडी भंडारा मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्याहून आलेल्या मेहुण्यामुळे. ज्याच्या दारात असतं त्याला ते दिसत नाही.

अनवट | १० जानेवारी

अप्रतिम धागा. नावाबद्दल थोडी भर घालतो. फारुकी घराण्याची आधीची राजधानी थाळनेर, म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यात, तापीकाठीच. तिथे त्यांच्या कबरी अजून उभ्या आहेत. साधारण १४०० च्या सुमारास नासीर खान फारुकीने तापीच्या उत्तर काठी नवं गाव वसवलं आणि बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतांचं नाव दिलं. पलीकडच्या काठावरच्या गावाला झैनाबाद, ते झैनुद्दीन शिराझींच्या नावावरून. आणि या दोघांचे दर्गे कुठे आहेत? आपल्या वेरूळशेजारी, खुलताबादला! मी खुलताबादला पाच-सहा वेळा गेलो असेन, पण तापीचे दोन काठ या दोन दर्ग्यांच्या नावाने ओळखले जातात हे कळल्यावर तिथे परत गेलो आणि वेगळ्याच नजरेने बघितलं.

दगडधोंडे | १० जानेवारी

फोटो चांगले आहेत पण मला थोडं वेगळं वाटतं, स्पष्ट लिहितो. बुऱ्हाणपूर हे मोगलांचं दख्खनचं ठाणं. दक्षिणेवर आलेली प्रत्येक फौज तिथूनच निघाली, तिथेच दाणागोटा भरला. त्या गावाचं कौतुक करताना हात जरा आखडतो. मांडू-महेश्वरला जाणाऱ्यांना तरी अहिल्याबाईंच्या घाटावर बसायचं असतं, त्यात आपलेपणा आहे. इथे आपलं काय आहे?

अनवट | १० जानेवारी

दगडधोंडे, आदर ठेवून सांगतो, ठाणं होतं म्हणूनच तर बघायचं. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपुरावर झडप घातली, बहादूरपुरा ही तिथली पेठ लुटली, हे आपण नुसतं वाचतो. तिथे उभं राहिलं की सातपुड्याची भिंत, तापीचं पात्र आणि मधलं सपाट रान दिसतं आणि एवढ्या लांब घोडी नेऊन मोगलांच्या नाकासमोरून परत येणं म्हणजे काय ते कळतं. पुरंदरचा तह ज्यांच्याशी झाला ते मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये याच गावी वारले. त्यांची छत्री गावाबाहेर तापी-मोहना संगमाजवळ आहे. शाळेत ज्यांचं नाव घोकलं त्या माणसाचा शेवट कुठे झाला हे किती जणांना माहीत असतं?

दगडधोंडे | ११ जानेवारी

जयसिंगांच्या छत्रीचं खरंच माहीत नव्हतं. मुद्दा पटला, निदान अर्धा.

नर्मदेहर | ११ जानेवारी

मिर्झाराजांचं निघालंच आहे तर थोरल्या बाजीरावांची रावेरखेडीची समाधीही याच बाजूला, खरगोन जिल्ह्यात, नर्मदाकाठी. २८ एप्रिल १७४०. बुऱ्हाणपूर-असीरगड-रावेरखेडी-महेश्वर असा एक सलग प्रवास होतो. आम्ही चौघं गाडीने केला होता. (रावेर आणि रावेरखेडी वेगळी, आमचा ड्रायव्हर फोनवर कुणाला तरी विचारून आम्हाला उलटा रावेरकडे घेऊन निघाला होता.)

केळीबाग_रावेर | ११ जानेवारी

यायचं होतं की तसंच, केळीचे वेफर्स खाऊ घातले असते.

पाणीदार | ११ जानेवारी

कुंडी भंडाऱ्यावर कुणी नीट लिहीत नाहीये म्हणून लिहितो, मी जलसंधारणाचं काम करतो आणि ही जागा बघायलाच खास गेलो होतो.

सातपुड्यात पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि उतारावरून तापीकडे जमिनीखालून सरकत राहतो. ते पाणी गावाआधी भुयारात अडवायचं आणि भुयाराला इतका हलका उतार द्यायचा की पाणी स्वतःच्या वजनाने गावापर्यंत चालत येईल. पंप नाही, मोट नाही. भुयाराच्या वाटेवर ठरावीक अंतराने जमिनीपर्यंत उभ्या विहिरी, त्याच कुंड्या, शंभराच्या वर आहेत. खोदताना माती काढायला, नंतर हवा आणि उजेड यायला, गाळ काढायला उतरायला. वरून बघितलं तर शेतात एका ओळीत मांडलेले विहिरीचे कठडे दिसतात. काम सुरू झालं १६१५ मध्ये, जहांगीरच्या काळात. दोहेवाले रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना, तेव्हा बुऱ्हाणपुरात सर्वेसर्वा होते, आणि आखणी इराणी जाणकार तबकुतुल अर्झ याची. इराणात अशा भुयारांना कनात म्हणतात.

आता मला सगळ्यात भावलेली गोष्ट. साधारण त्याच सुमारास औरंगाबादेत, तेव्हाच्या खडकीत, मलिक अंबर नहर बांधत होता. तत्त्व तेच, डोंगरातलं पाणी जमिनीखालून गावात आणायचं. आणि मलिक अंबर आणि खानखाना हे रणांगणावर एकमेकांसमोर उभे राहणारे शत्रू! दोघंही लढत होते आणि दोघंही आपापल्या गावाला पाणी आणत होते. मी त्या भुयारात गुडघ्यापर्यंत विजार दुमडून उभा होतो तेव्हा हेच मनात होतं.

२०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कुंडी भंडाऱ्याचं नाव गेलंय. "खूनी भंडारा" या नावाने.

मीनाक्षी_ठाणे | ११ जानेवारी

पाणीदार, वाचून अंगावर काटा आला. पण खूनी का? खून झाला होता का कुणाचा?

पाणीदार | ११ जानेवारी

नाही हो ताई. पाण्याला लालसर झाक होती म्हणून, असं तिथले लोक सांगतात. आता बरेच जण कुंडी भंडाराच म्हणतात. चिंताहरण नावाचाही एक भंडारा आहे, मला ते नाव जास्त आवडतं. पाणी मिळालं की चिंता गेली.

निमाडी_पोर | १२ जानेवारी

माझं आजोळ बुऱ्हाणपूर. आई सांगते की लहानपणी त्यांच्या घरी भंडाऱ्याचं पाणी वरणासाठी वेगळं भरून ठेवायचे, डाळ लवकर शिजते म्हणून. एवढ्या चुन्याच्या पाण्यात डाळ कशी शिजायची ते पाणीदार यांनीच सांगावं, पण आई आजही यावर कुणाचं ऐकून घेत नाही!

पाणीदार | १२ जानेवारी

आईंच्या वरणाबद्दल मी काही बोलणार नाही :)

कॅमेराबंद | १२ जानेवारी

गिरणाकाठ, फोटो ४ बद्दल विचारू का? हमामखान्याच्या छताचे रंग वाढवलेत का? मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा चित्रं बरीच फिकी दिसली होती. इतकी लाल-निळी नव्हती. जुन्या वास्तूंचे फोटो टाकताना रंग चढवणं मला खटकतं. बघणारा तिथे जातो, फिकं छत बघतो आणि हिरमुसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे सगळं ठीकठाक आहे असं समजतो. पापुद्रे निघालेत ते निघालेले दिसू द्यावेत.

गिरणाकाठ | १२ जानेवारी

बरोबर पकडलंत. मोबाईलने आपोआप केलं थोडं आणि थोडं मी केलं. मूळ फोटो आता टाकलाय, आधीचा काढलाय. खरं सांगायचं तर मूळच जास्त बोलतोय. एका कोपऱ्यात वेलबुट्टीची अर्धीच फुलं उरलीत आणि बाकीची नुसती रेघ, ती मी आधीच्या फोटोत हरवूनच टाकली होती.

कॅमेराबंद | १२ जानेवारी

मनापासून धन्यवाद. भुयारातल्या फोटोसाठी एक सूचना, फ्लॅश बंद ठेवा, ऊन डोक्यावर असताना जा. दुपारी बाराच्या आसपास कुंडीतून सरळ कवडसा पाण्यात पडतो, दहा-पंधरा मिनिटंच.

संध्याताई | १३ जानेवारी

आहुखान्याबद्दल. मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात बुऱ्हाणपूरला गेली, १७ जून १६३१, आणि पहिलं दफन झैनाबादला झालं. सहाएक महिन्यांनी, डिसेंबरात तिला आग्र्याला नेलं. एवढं नक्की आहे. बाकी ताजमहाल इथेच बांधायचा होता पण वाळवीमुळे रद्द झाला वगैरे गाईड जे सांगतात ते मी ऐकून सोडून देते. आमच्या गाईडने एक चौथरा दाखवला आणि मैत्रिणीच्या गाईडने दुसराच.

पण मला तिथे वेगळंच काही वाटलं. मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, बाळंतपणाच्या कक्षात. चौदा बाळंतपणं. अडतीस वर्षांची बाई. लोक तिथे प्रेमाच्या गोष्टी सांगतात, मला मात्र त्या बाईच्या अंगातलं रक्त दिसत होतं. शेवटची मुलगी गौहरआरा जगली. मी एक चाफ्याचं फूल वेचलं आणि कुठल्या चौथऱ्यावर ठेवायचं ते न कळून दोन्हींच्या मधे ठेवून आले.

मीनाक्षी_ठाणे | १३ जानेवारी

ताई.

अनवट | १३ जानेवारी

संध्याताई, आता मी आहुखाना पूर्वीसारखा बघू शकणार नाही. लिहिल्याबद्दल आभार.

सुगरण_नाही | १४ जानेवारी

विषय बदलते, रागावू नका, पण एवढ्या प्रतिसादांत खाण्याचा उल्लेख एकट्या वरणाचा? मावा जलेबी! जाड, काळपट तपकिरी, आपल्या जलेबीसारखी कुरकुरीत नाही, गुलाबजामची थोरली बहीण. आणि दराबा, रवा-साखर-तूप फेटून फेटून इतका हलका केलेला की जिभेवर ठेवला की गेला.

नर्मदेहर | १४ जानेवारी

आणि मांडे!

सुगरण_नाही | १४ जानेवारी

कुठले? आमच्याकडे मांडे म्हणजे खापरावरचे, पुरणाचे, अक्षय्य तृतीयेला आमरसाबरोबर.

निमाडी_पोर | १४ जानेवारी

बुऱ्हाणपूरचा मांडा वेगळा ताई, पुरण नसतं. हातावर फिरवत फिरवत पातळ केलेली मोठ्ठी रोटी, उलट्या कढईवर भाजतात, घडी घालून विकतात. रश्शाबरोबर खायची. करणाऱ्याचे हात बघत राहावेत. खापरावरच्या मांड्याशी नातं असणारच असं मला वाटतं, दोन्हीत हातावरच वाढवायचं असतं, पोळपाट नाहीच.

सुगरण_नाही | १४ जानेवारी

गिरणाकाठ, अठरा वर्षं गाडीत बसून मनात मांडे खाल्लेत, आता उतरून ताटातले खा :)

डोंगरवाट | १६ जानेवारी

असीरगडाला कुणी गेलं नाही का? गावापासून वीस-बावीस किमी, उत्तरेला. उत्तरेतून दख्खनेत उतरायची जी सातपुड्यातली खिंड आहे तिच्या डोक्यावर बसलेला गड. अकबराने कितीतरी महिने वेढा घातला तेव्हा जानेवारी १६०१ मध्ये हातात आला आणि फारुकी घराणं संपलं. पुढे शिंद्यांकडे होता. १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतला तेव्हा किल्लेदार यशवंतराव लाड होते. पेशवाई बुडून वर्ष होत आलं होतं, दुसरे बाजीराव शरण गेले होते, आणि हा गड अजून लढत होता. दगडधोंडे, "इथे आपलं काय" याचं उरलेलं अर्धं उत्तर इथे आहे बघा.

दगडधोंडे | १६ जानेवारी

डोंगरवाट, आता पूर्ण पटलं. जातोच.

केळीबाग_रावेर | १६ जानेवारी

असीरगडावर अश्वत्थामा आहे हे सांगायचं राहिलं. महादेवाच्या देवळात पहाटे कुणीच गेलेलं नसताना पिंडीवर ताजं फूल असतं म्हणतात. आमचे आजोबा तर शपथेवर सांगायचे की त्यांच्या काकाकडे एका उंच माणसाने कपाळाच्या जखमेसाठी तेल मागितलं होतं.

डोंगरवाट | १६ जानेवारी

मी गडावर पहाटे सहाला पोचलो होतो आणि फूल होतं, पण गुराखी माझ्याही आधी वर होते. देऊळ सुंदर आहे, कथा नसती तरी गेलो असतो.

प्रीतम_नांदेड | १८ जानेवारी

आमच्या नांदेडचा धागाही जोडतो. गुरू गोविंदसिंहजी नांदेडला येताना बुऱ्हाणपुरात मुक्कामाला होते, १७०८ मध्ये. तिथला बडी संगत गुरुद्वारा त्याचीच आठवण. आणि बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी पण चुकवू नका, पांढराशुभ्र आणि कमालीचा शांत.

कॅमेराबंद | १९ जानेवारी

एक राहून गेलं. फोटो ६ मधल्या आजोबांना फोटो पोचवलात का? मी माणसांचे फोटो काढले की प्रिंट पाठवतो. विचारून काढणं ही पहिली पायरी झाली, त्यांच्या हातात देणं ही दुसरी. भिंतींना फरक पडत नाही, माणसांना पडतो.

गिरणाकाठ | १९ जानेवारी

नाही पोचवला. पत्ताही घेतला नाही. गल्ली मात्र पक्की आठवते, शेवटी पिंपळ आहे. हे मनाला लागलं.

केळीबाग_रावेर | १९ जानेवारी

मूळ फोटो मला पाठवा, गल्लीची खूण सांगा. मी दर पंधरा दिवसांनी जातोच.

मीनाक्षी_ठाणे | २२ फेब्रुवारी

धागा वर काढते. आम्ही जाऊन आलो! मी, नवरा आणि सासूबाई. गिरणाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाचं आमच्यापुरतं उत्तर : दोन रात्री हव्यातच. पहिल्या दिवशी दुपारी कुंडी भंडारा (बाराचा कवडसा मिळाला!), मग किल्ला, हमामखाना, संध्याकाळी राजघाटावर. दुसऱ्या दिवशी सकाळी असीरगड, दुपारनंतर काळा ताजमहाल, म्हणजे खानखानांचा मुलगा शाहनवाज खान याची कबर. नाव ऐकून फार मोठं काही डोळ्यासमोर होतं, पण आहे लहानसं, काळ्या दगडाचं, आणि तिथे आम्ही तिघंच होतो. सासूबाई कुंडी भंडाऱ्यात उतरल्या, वय ७१, आणि खाली पाण्याला नमस्कार करून म्हणाल्या, "ही तर गुप्तगंगा." रिक्षावाल्यांना आगाऊ पैसे ठरवून घ्या, आम्हाला एकाने परतीला दुप्पट मागितले.

मांडू-महेश्वरच्या सहलीत एक दिवस घुसवून हे गाव बघू नका. दुपारी गावातली खटखट थांबते तेव्हा किती शांत होतं आणि चारला परत माग सुरू होतात ते ऐकायला तिथे राहावं लागतं.

गिरणाकाठ | २२ फेब्रुवारी

ताई, मी माग सुरू होण्याचा आवाज ऐकलाच नाही, तेव्हा मी स्टेशनवर होतो. पुढच्या महिन्यात दोन रात्री, ठरलं.

केळीबाग_रावेर | ३ मार्च

उशीर झाला, केळीची कापणी चालू होती. आजोबा सापडले. पिंपळाच्या अलीकडचं तिसरं दार. प्रिंट दिली, चष्मा लावून बराच वेळ बघितली, सुनेला बोलावून दाखवली, मला चहा पाजला. मग म्हणाले, "फोटो अच्छा है, पर इसमें माग कहाँ है? साठ साल उस पे बैठा, और फोटो खाली दरवाजे का." आत घेऊन गेले, मागाशेजारी उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले आता काढ. उजेड कमी होता, थोडा हललाय. फोटो ७.